अस्सल, बदली आणि बनावट

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘अस्सल’ ह्या शब्दाइतका महाग शब्द दुसरा नसेल. पैठणी असो, सतार असो की जुने नाणे असो, हा एक शब्द मागे लागला की किंमत चढते. युरोप-अमेरिकेतील जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या बाजारात तर ह्या शब्दाचे प्रस्थ इतके वाढले आहे, की इंजिनावर ठोकलेल्या पाचसहा आकड्यांवरून गाडीच्या भावात लाखो रुपयांचा फरक पडतो. कारखान्यातून गाडीबरोबर जे इंजिन बाहेर पडले तेच आजही तिच्यात असेल, तर ती ‘जुळत्या नंबरांची गाडी’. नसेल, तर तीच गाडी, तोच रंग, तोच वेग असूनही तिचा भाव उतरतो. साहजिकच घेणारा इंजिनातले परके भाग हुडकू लागतो आणि विकणारा ते झाकू लागतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाच्या भानगडीत कशाला पडावे, असे विज्ञान शाखेतील मित्र विचारतील. त्यांना माझे उत्तर असे, की इंजिन कसे चालते हा तुमचा विषय असेल. पण एखाद्या वस्तूचे वर्णन करून ती विकणे, त्या वर्णनाला पुरावा मागणे आणि त्या पुराव्याचे मोल ठरवणे हा आमचाच विषय आहे. ऑडिटिंगच्या तासाला आम्हाला शिकवतात, की व्हाउचर हा व्यवहाराचा पुरावा असतो, तो स्वतः व्यवहार नसतो. इंजिनावरचा नंबर हे असेच एक व्हाउचर आहे. ते खरे असेल, खोटे असेल, किंवा खरे असूनही आपण समजतो ते सांगत नसेल.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. इंजिनाचा भाग बदललेला असणे हा गाडीचा कमीपणा नाही. तो बदल लपवणे ही लबाडी आहे. बदली भाग आणि बनावट भाग ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाजार मात्र दोहोंना एकाच तराजूत तोलतो, आणि त्यामुळेच प्रामाणिक माणसालाही खोटे बोलण्याचा मोह होतो.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीच्या जग्वार कंपनीने मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप ही स्पोर्ट्स मोटार लोकांपुढे आणली. लांब नाकाची ही गाडी १९७४ पर्यंत तयार होत होती. सुरुवातीला तिच्यात ३७८१ घन सेंटिमीटरचे आणि १९६४ पासून ४२३५ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन असे. १९७१ मध्ये बारा सिलिंडरांचे इंजिन आले. आपण सहा सिलिंडरांच्या इंजिनापुरतेच बोलू. ह्या इंजिनाचे नाव एक्सके. ते काही ई-टाइपसाठी जन्मले नव्हते. १९४८ मध्ये एक्सके १२० ह्या गाडीत ते प्रथम आले आणि निरनिराळ्या आकारांत १९९२ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे निघत राहिले. कंपनीच्या चार दारांच्या मोठ्या गाड्यांत ते होते, डेमलर लिमोझिनमध्ये होते, इतकेच काय, ब्रिटिश सैन्याच्या स्कॉर्पिअन ह्या हलक्या रणगाड्यातही ४.२ लिटरचे हेच इंजिन थोडी ताकद कमी करून बसवलेले होते.

सगळी गोम इथेच आहे. चार दारांच्या गाडीचा पत्रा इंग्लंडच्या ओल्या हवेत गंजून जाई, पण तिचे इंजिन धडधाकट राही. उलट ४.२ लिटरच्या ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरांच्या मधली भिंत तडकण्याची खोड होती. ई-टाइपचा ब्लॉक तडकला की मालकापुढे दोन रस्ते असत. एक, महागडी दुरुस्ती. दुसरा, भंगारात निघालेल्या मोठ्या गाडीचे इंजिन उचलून बसवणे. १९७३ च्या तेलसंकटानंतर जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. जुनी ई-टाइप तेव्हा कुणाला ठेवा वाटत नव्हती. ती एक खर्चिक जुनी गाडी होती. अशा वेळी मालकाने दुसरा रस्ता धरला तर त्याने काय पाप केले? त्याने गाडी रस्त्यावर ठेवली. ती इंजिने तशी बसवली गेली नसती, तर आज ज्यांचे नंबर आपण तपासतो त्यांतल्या कित्येक गाड्या तपासायला उरल्याच नसत्या.

आता हे परके इंजिन ओळखायचे कसे? ई-टाइपच्या इंजिनाचा नंबर दोन ठिकाणी ठोकलेला असतो. एक ब्लॉकच्या उजव्या अंगाला, तेलाच्या फिल्टरच्या वर, आणि दुसरा सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला. इंजिनाच्या कप्प्यात पत्र्याची एक पट्टी असते, तिच्यावर चॅसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चारही नंबर असतात. म्हणजे ब्लॉक, हेड आणि पट्टी ह्या तिन्ही ठिकाणचे इंजिनाचे नंबर एक हवेत. नंबराच्या आरंभीची अक्षरेही बोलकी आहेत. ३.८ लिटरच्या ई-टाइपचा नंबर ‘आर’ने आणि पुढे ‘आरए’ने सुरू होतो; ४.२ लिटरच्या पहिल्या मालिकेचा ‘७ई’ने, दुसऱ्या मालिकेचा ‘७आर’ने. त्याच आकाराचे इंजिन ‘७डी’ने सुरू झाले तर ते मार्क टेन ह्या मोठ्या गाडीचे, ‘७एफ’ असेल तर ४२० चे आणि ‘७एल’ असेल तर एक्सजे-६ चे. नंबराच्या शेवटी ८ किंवा ९ हा अंक असतो, त्यावरून कॉम्प्रेशन ८ ला १ होते की ९ ला १ हे कळते.

अक्षरे पाठ केली की झाले, असे मात्र नाही. शेवटच्या त्या ९ चेच पाहा. कुणी मध्यंतरी निराळ्या घडणीचे पिस्टन टाकले असतील, तर नंबर ९ म्हणत राहील आणि कॉम्प्रेशन ८ असेल. नंबर हा जन्माचा दाखला आहे. माणूस आज कसा आहे ते जन्माचा दाखला सांगत नाही. हेडचेही तसेच. ४.२ लिटरचे इंजिन करताना कंपनीने ब्लॉकमधील सिलिंडरांच्या जागा थोड्या सरकवल्या, पण हेडचे ओतकाम मूळचेच ठेवले. त्यामुळे एका गाडीचे हेड दुसऱ्या गाडीवर चढवणे मेस्त्रीला अवघड नव्हते. ब्लॉक मूळचा पण हेड परके, अशी इंजिने म्हणूनच पुष्कळ आढळतात. ब्लॉकचा नंबर पाहून समाधान मानणारा खरेदीदार अर्धेच इंजिन तपासत असतो.

बाहेरून बोल्टने लावलेल्या भागांना नंबराची साक्ष नसते. तिथे गाडीचे साल आणि ती कोणत्या देशासाठी बनली हे माहीत असावे लागते. ई-टाइपला मुळात एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर होते. परंतु अमेरिकेत धुराचे नियम कडक झाल्यावर १९६८ च्या सुमारास तिथल्या गाड्यांवर स्ट्रॉमबर्गचे दोन कार्ब्युरेटर आले. म्हणून त्या काळच्या अमेरिकन गाडीवर तीन एसयू दिसले तर ते नंतर बसवलेले, आणि त्याच काळच्या इंग्लंडमधील गाडीवर दोन स्ट्रॉमबर्ग दिसले तर तेही परके. ३.८ लिटरच्या गाडीवर डायनामो असे, ४.२ वर अल्टरनेटर आला. ३.८ च्या इंजिनाला अल्टरनेटर दिसला, की तो कुणीतरी पुढे बसवला हे उघड आहे. कदाचित त्याने चांगलेच केले असेल, कारण रात्रीच्या प्रवासात बॅटरी त्याला दुवाच देत असेल. हेडवरच्या रंगावर मात्र कुणी विसंबू नये. ३.८ च्या ई-टाइपचे हेड सोनेरी छटेने रंगवलेले असे हे खरे. पण रंगाचा डबा बाजारात कुणालाही मिळतो.

ह्यावरून इंजिनाच्या भागांचे मी तीन वर्ग करतो. पहिला वर्ग झिजण्यासाठीच बनलेल्या भागांचा: पिस्टन रिंग, बेअरिंग, गास्केट, टायमिंग चेन, तेल अडवणारे सील. साठ वर्षांत हे भाग बदललेले नसतील, तर ती गाडी चाललेलीच नाही किंवा तिच्यात बसणे शहाणपणाचे नाही. दुसरा वर्ग बाहेरून लावलेल्या भागांचा: कार्ब्युरेटर, डायनामो, पाण्याचा पंप. हे बदलता येतात आणि मूळ नमुन्याचे मिळाले तर परतही बसवता येतात. तिसरा वर्ग ब्लॉक आणि हेड ह्या मोठ्या ओतीव भागांचा. गाडीची ओळख धरून असतात ते हेच भाग. ते गेले की परत येत नाहीत. परकेपणाची चर्चा करताना हे तीन वर्ग वेगळे ठेवले नाहीत, तर गास्केट बदलणारा आणि ब्लॉक बदलणारा दोघेही एकाच रांगेत उभे राहतात, आणि मग त्या चर्चेला काही अर्थ उरत नाही.

आता बनावटगिरीकडे वळू. परके इंजिन ओळखणे एक वेळ सोपे. मूळचे असल्याचे सोंग घेतलेले परके इंजिन ओळखणे कठीण. ‘७एल’ अक्षरे असलेला ब्लॉक घ्यायचा, नंबराची जागा कानस किंवा ग्राइंडरने घासून सपाट करायची आणि पट्टीवरचा ई-टाइपचा नंबर तिथे पंचाने ठोकायचा, एवढाच हा उद्योग. तो समजण्यासाठी ओतलेला आकडा आणि ठोकलेला आकडा ह्यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांचे घरचे कुणी फौंड्रीत कामाला आहे त्यांना हे सांगायला नको. पॅटर्नवर जो आकडा असतो तो वाळूच्या साच्यात उमटतो आणि ओतलेल्या प्रत्येक नगावर उठावाचा होऊन येतो. तो आकडा नमुन्याचा. त्या नमुन्याच्या शेकडो ब्लॉकवर तोच असणार. नग तयार झाल्यावर त्याच्या सपाट केलेल्या जागेवर पंच मारून जो आकडा खोल उमटवतात तो त्या एकाच नगाचा. भामटा ठोकलेला आकडा सहज बदलतो. ओतलेला आकडा बदलणे त्याला जड जाते, कारण त्यासाठी धातू वाढवावा लागतो. म्हणून शहाणा तपासनीस आधी उठावाचे आकडे वाचतो आणि मग खोलगट आकड्यांना विचारतो, की तुमचे आणि ह्यांचे जमते का?

ह्या शास्त्रात अमेरिकन लोक फार पुढे गेले आहेत. शेवरोलेट कॉर्व्हेट ही त्यांची लाडकी स्पोर्ट्स मोटार. तिच्या शौकिनांची नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी १९७४ पासून ह्याच कामात आहे. कॉर्व्हेटच्या ब्लॉकवर तो ओतल्याची तारीख उठावाच्या आकड्यांत असते. त्याच ब्लॉकच्या पुढच्या बाजूच्या एका सपाट पट्टीवर इंजिन जोडल्याची तारीख ठोकलेली असते, आणि १९६० नंतरच्या गाड्यांत तिथेच गाडीच्या नंबराचा अंशही असतो. आता साधा हिशेब करा. ब्लॉक आधी ओतला जाणार, मग इंजिन जोडले जाणार, मग गाडी तयार होणार. इंजिन जोडल्याची तारीख ब्लॉक ओतल्याच्या तारखेच्या आधीची निघाली, तर कुणीतरी खोटे बोलते आहे. खरेदीच्या बिलाच्या आधी मालाची विक्री दाखवणारी वही पाहून ऑडिटरला जसा वास येतो, तसाच हा प्रकार. शिवाय ती पट्टी कारखान्यात ज्या यंत्राने सपाट होत असे, त्याच्या बारीक समांतर रेघा तिच्यावर राहत. पुढे कुणी ती घासली, तर त्या रेघा नाहीशा होतात किंवा त्यांची दिशा बदलते. अक्षरांचे वळण, त्यांची खोली, घासल्यामुळे खाली गेलेली जागा, जुन्या ब्लॉकवर नव्यासारखी चकाकणारी धातूची कड, ह्या सगळ्या गोष्टी बोलतात. कारखान्यात हाताने ठोकलेले आकडे पुष्कळदा थोडे वाकडेतिकडे असत. म्हणून फार नीटस आकडेही कधीकधी संशयाला जागा देतात.

आणखी एक गोष्ट भामट्यांना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून ते दुर्लक्ष करतात. पंचाचा घाव बसला की आकड्याखालचा धातूही दबतो. वरचा आकडा घासून टाकला तरी तो दाब खाली राहतो, आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत योग्य आम्ल लावून जुना आकडा पुष्कळदा पुन्हा दिसू लागतो. चोरीच्या वाहनांच्या तपासात पोलीस हीच युक्ती वापरतात.

कागदोपत्री पुराव्याचेही एक पथ्य आहे. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून दाखला देते. त्यात चॅसिस, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स ह्यांचे नंबर, मूळ रंग, गाडी तयार झाल्याची तारीख हे सारे असते. दाखला मोलाचा आहे, पण तो कारखान्यातून काय बाहेर पडले एवढेच सांगतो. आज तुमच्यासमोर काय उभे आहे ते सांगत नाही. विक्रेता दाखला आणि नंबराची पट्टी शेजारी-शेजारी ठेवतो, दोन्ही जुळतात आणि खरेदीदार खूश होतो. पण बनावट नंबर ठोकणाऱ्याने तो ठोकला त्याच दाखल्यावरून असेल, तर? पुरावा पुराव्याशी जुळवून काय उपयोग? तो वस्तूशी जुळवला पाहिजे.

इथे दोन प्रकारचे लोक मला अडवतील. पहिले म्हणतील, “गाडी चालते ना? मग नंबराचे एवढे कौतुक कशाला?” चालणाऱ्या गाडीपुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. सेडानमधून काढलेले चांगले इंजिन रस्त्यावर कुठेही उणे पडत नाही. पण विकणाऱ्याने पैसे कशाचे घेतले हा प्रश्न उरतोच. त्याने चालणाऱ्या गाडीचे पैसे घेतले असतील तर तक्रार नाही. मूळ इंजिनाच्या गाडीचे घेतले असतील, तर फरकाची रक्कम त्याने फसवून घेतली.

दुसरे लोक अधिक कडवे. त्यांच्या मते एक भाग बदलला की गाडी बाटली. त्यांना मी लंडनच्या हायकोर्टातील १९९० चा एक खटला सांगेन. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात बदल होत गेले. साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागी आठ लिटरचे आले, १९३२ मध्ये ब्रूकलंड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालकाचा मृत्यू झाला, आणि नंतर ती नव्या बॉडीसह पुन्हा उभी केली गेली. अनेक वर्षांनी ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. खरेदीदार कंपनी मात्र मागे हटली. तिचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ओटन ह्यांनी सारा इतिहास तपासला. काटेकोर अर्थाने ही गाडी ‘मूळ’ म्हणता येणार नाही हे त्यांनी मान्य केले. पण शर्यतींच्या दिवसांपासून तिचा इतिहास कुठेही न तुटता चालत आलेला आहे, म्हणून ओल्ड नंबर वन हे नाव तिचेच, असा निर्णय देऊन त्यांनी विक्रेत्याचा करार उचलून धरला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. गाडीचे भाग बदलत गेले, पण कोणता भाग केव्हा आणि का बदलला ह्याचा माग काढता येत होता. ओळख टिकली ती त्या मागावर. नंबर पुन्हा ठोकणारा माणूस नेमका तो मागच पुसून टाकतो. त्याचा खरा अपराध हाच. परके इंजिन काढून उद्या दुसरे बसवता येईल, पण घासून टाकलेला मूळ आकडा नेहमीच परत मिळेल असे नाही. त्या ‘७एल’ इंजिनालाही स्वतःचा इतिहास होता, तोही गेला.

आपल्याकडचा कायदाही ह्याच दिशेने बोलतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७ आम्हाला पाठ करावे लागते. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम लपवणे ही त्यात फसवणूक मानली आहे. नुसते गप्प राहणे मात्र, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, फसवणूक नव्हे. इंजिन बदलले आहे हे न विचारल्यामुळे न सांगणारा आणि नंबर घासून नवा ठोकणारा ह्यांच्यातली सीमारेषा हीच. पहिल्याबद्दल वाद घालता येईल, दुसऱ्याबद्दल नाही. इंग्लंडच्या कायद्यावरून बेतलेल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १५ सांगते, की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. म्हणून विकत घेणाऱ्याने “नंबर जुळतात का?” एवढेच विचारू नये. “हे इंजिन ह्या गाडीचे जन्मापासूनचे आहे असे लिहून देता का?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंच देऊ शकतो, दुसऱ्याचे माणसालाच द्यावे लागते.

हा सगळा दूरदेशीच्या श्रीमंतांचा खेळ, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. जुन्या मोटारींचा शौक आपल्याकडेही आहे. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात अशा मोटारींचा मोठा मेळा भरला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात जपलेले हवे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू चांगला आहे. पण ह्या अटीचा कुणी शब्दशः अर्थ लावला, तर चाळीस वर्षांपूर्वी तडकलेल्या ब्लॉकच्या जागी त्याच जातीचा दुसरा ब्लॉक बसवून तशी नोंद करून घेणारा मालक अडचणीत येईल, आणि नंबर घासून जुळवून ठेवणारा सुखाने बाहेर पडेल अशी मला भीती वाटते. नियमाने खरे बोलणाऱ्याला दंड आणि खोटे बोलणाऱ्याला बक्षीस मिळत असेल, तर पंचाचा धंदा वाढणारच. त्याच जातीच्या भागाने केलेली आणि जाहीर केलेली दुरुस्ती निराळी, आणि गाडीचे रूप पालटून टाकणारा बदल निराळा, असा फरक अशा नियमांत आणि मोटारींच्या स्पर्धांत स्पष्ट लिहिलेला असावा.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जुन्या गाडीचे एक खाते असावे. कोणता भाग, केव्हा, कोणत्या कारणाने बदलला, त्याच्या जागी कुठला आला आणि त्यावर कोणता नंबर होता, हे त्यात तारखेनिशी लिहावे. मेस्त्रीचे बिल आणि भाग काढण्यापूर्वीचा फोटो शेजारी लावावा. काढलेला मूळ भाग, तडकलेला असला तरी, भंगारात न देता गाडीबरोबरच ठेवावा. परक्या इंजिनाचा परका नंबर जसाच्या तसा राहू द्यावा. आणि खरेदीदारांनी अशा स्वच्छ खात्याला पैसे मोजायला शिकावे. तडकलेला ब्लॉक मोकळेपणाने सांगणाऱ्या गाडीला, सगळे नंबर संशयास्पद नीटसपणे जुळणाऱ्या गाडीपेक्षा कमी भाव मिळत राहिला, तर त्याचा दोष एकट्या विक्रेत्याचा नाही. जो माल बाजार मागतो तोच माल बाजारात येतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पानावर आपण वाचले आहे. आपण जुळणारे आकडे मागितले, तर आकडे मिळतील. खरा हिशेब मागितला, तर कधीतरी तोही मिळू लागेल.